जोंधळ्यांच्या पाच डब्या

वास्तुशांतीला गेलेला माणूस देवघर बघतो, स्वयंपाकघर बघतो, निदान पंगत कुठे बसली ते तरी बघतो. आमच्या कचेरीतले जोंधळे भिंती ठोकत फिरत. टकटक करत कोपऱ्यापर्यंत जात आणि भर गर्दीत यजमानाला विचारत, "फोनचा पाइप कुठून घेतला?" पाइप नसायचाच. मग नव्याकोऱ्या गिलाव्याकडे दुखवट्याला आल्यासारखं बघत म्हणत, "आता फोडावं लागतंय." परभणीत तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून माणसं म्हातारी होत होती. यजमान मला बाजूला घेऊन विचारत, यांना कोणी आणलं? मीच आणलेलं असायचं.

बोरीकडच्या आपल्या खेड्यात त्यांनी आईसाठी घर बांधलं, तेव्हा मला मुद्दाम दाखवायला नेलं. दोन खोल्या, ओसरी आणि मागे शेळ्यांचं छप्पर. फोनच्या डब्या मात्र पाच. चुलीपाशी, बाजेपाशी, अगदी शेळ्यांपाशीसुद्धा. भिंतीतल्या पाइपांमधून त्यांनी स्वतः तार ओढली होती. गावात वीज आली तर आली, अशी तऱ्हा. फोनचा खांब तर आसपास कुठेच नव्हता. मी म्हणालो, अहो, शेळ्यांना कोणाचा फोन येणार?

"सकाळी माय झाडायला तिथं असती," ते म्हणाले. "घंटी वाजल्यावर म्हातारीनं पळत यावं का?"

म्हातारीने डब्यांच्या भोकांत उदबत्त्या खोचल्या आणि उरलेल्या तारेवर लुगडं वाळत घातलं. लेक लय हुशार हाय, पण त्याचं काहीतरी बिघडलंय, असं ती मला हळूच म्हणाली. मला ते पटलं.

त्या घरात फोन यायला इतकी वर्षं लागली, की तोवर शेळ्या विकून झाल्या होत्या. मग कचेरी सुटली की जोंधळे कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर उभे. लाइन बहुधा मेलेलीच. लागली तर म्हातारी "हाय मी" एवढंच म्हणे आणि फोन ठेवून देई. जोंधळ्यांना तेवढं पुरत असे. पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली. घराला कुलूप लागलं. फोन काढून टाका म्हटलं, तर ऐकेनात.

बूथवर जाणंही थांबलं नाही. माणूस हातचा गेला असं वाटून मी एकदा बरोबर गेलो. त्यांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे राहिले. पलीकडे उचलायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, चला आता.

ते माझ्याकडे न बघता बोलले. "नामांतराच्या दंग्यात आमचं घर जाळलं. माय वढ्यात लपून बसली व्हती आन् मी हितं फायली बघायलो व्हतो. मला कळलं ते कुठं बाजारच्या दिवशी."

एवढी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. त्या कुलूपबंद घरात घंटी वाजत होती.

"वाजायलाय ना?" जोंधळे म्हणाले. "म्हंजे घर उभं हाय."