राहण्याचा पत्ता : खिडकीजवळची खुर्ची

सरकारी खोलीच्या अर्जात पत्त्याचा रकाना होता, आणि ज्याला पत्ता नाही त्यालाच ती खोली मिळणार होती. दर मंगळवारी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी बसणाऱ्या समाजसेविकेने पेन खाली ठेवलं. समोर खिडकीकाका बसले होते. अकरा वर्षं ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत वाचायचे आणि झोपायला बसथांब्यावर जायचे. यंदा पाय सुजले होते. डॉक्टर म्हणाले होते, पाय पसरायला हक्काची जागा बघा.

"रकाना रिकामा ठेवला तर अर्ज घेतच नाहीत," समाजसेविका म्हणाली.

"मग इथला लिहा," पुस्तकांवर शिक्के मारता मारता ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून निघालेलं नियमाबाहेरचं हे पहिलंच वाक्य. शिपाईमामांच्या हातातली पुस्तकांची चळत पडता पडता राहिली.

पंधरा दिवसांनी पत्त्याची खातरजमा करायला एक साहेब आले. आता बाईंना खोटं बोलता येत नसे. सासूबाईंनी एकदा 'भाजी कशी झालीय' असं विचारलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

"हे गृहस्थ इथे राहतात?"

"दार उघडायच्या आधी हजर असतात. दिवे मालवले की जातात."

"पत्रं?"

"इथेच येतात. मेव्हण्याचं आलं तर न वाचता फाडतात."

"सामान?"

मामांना राहवलं नाही. "दाढीचं नळाशेजारच्या फळीवर. स्वेटर इतिहासात, खालच्या कप्प्यात."

"आणि दिसले नाहीत, तर कुणाला कळतं का?"

"कळतं म्हणजे? गेल्या वर्षी तापाने पडले होते, तर बाई अर्धी रजा टाकून हुडकत फिरल्या. नोकरीतली पहिली अर्धी रजा, साहेब."

"मामा, तुमचं काम बघा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी समाधानाने सगळं लिहून घेतलं. आठवड्याने पत्र आलं : 'अर्जदारास पक्के घर असून घरची माणसे त्यांची नीट काळजी घेतात. सबब अर्ज नामंजूर.'

समाजसेविकेने कपाळाला हात लावला. "आता एकच उपाय. या घरातून त्यांना काढलंय, असं लेखी हवं. शिक्क्यानिशी, शनिवारच्या आत."

"कोणी काढलंय?" बाईंनी विचारलं.

"घरात कर्त्या तुम्हीच ना?"

बाईंनी बावीस वर्षांत शेकडो नोटिसा लिहिल्या होत्या. पानं दुमडणाऱ्यांना, कुजबुजणाऱ्यांना, एकदा तर सख्ख्या नवऱ्याला. पण आज 'महाशय'च्या पुढे हात सरकेना. शेवटी खिडकीकाकाच शेजारी येऊन बसले.

"लिहा. आपले वर्तन असह्य झाले आहे."

"कुठे झालंय?"

"लिहा हो. यापुढे आपण या वास्तूत पाऊल ठेवू नये."

"पाऊलबिऊल फार होतं."

"बाई, जरा कडक लिहा. नाहीतर पुन्हा म्हणतील, माणसं चांगली आहेत."

बाईंनी लिहिलं, सही करून शिक्का मारला आणि नाक पुसायला भूगोलाच्या कपाटामागे गेल्या.

खोली मिळाली, तीही दोन रस्ते पलीकडे. आणि खिडकीकाका यायचे बंद झाले. चौथ्या दिवशी मामांनी हळूच विचारलं, "खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची का?" बाईंनी अशी नजर टाकली की मामा इतिहासातल्या स्वेटरची घडी मोडून पुन्हा घालायला लागले.

संध्याकाळी बाई त्या खोलीवर धडकल्या. काका कॉटवर पाय पसरून औषधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचत होते. दुसऱ्यांदा.

"येत का नाही?"

काकांनी उशीखालून नोटिशीची आपली प्रत काढली. "पाऊल ठेवू नये, असं लिहिलंय."

"तुम्हीच सांगितलंत लिहायला."

"सांगितलं मी, पण सही तुमची आहे. अकरा वर्षांत तुमचा एक नियम मोडला नाही. आता म्हातारपणी मोडू?"

बाईंनी पर्समधून सभासदत्वाचा अर्ज काढला. "नोटीस बिगरसभासदाला आहे. सभासदाला समितीच्या सभेशिवाय काढता येत नाही. नियम अकरा."

"सभा कधी असते?"

"मी बोलावली की."

पत्त्याच्या रकान्यापाशी काका जरा थांबले. मग 'खोली क्रमांक नऊ' हे इतक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, की शेवटचा शब्द पार समासात गेला. बाईंनी अर्ज तसाच पर्समध्ये ठेवला.

"आता ती नोटीस द्या इकडे. फाडून टाकते."

"नको," काकांनी ती पुन्हा उशीखाली सरकवली. "काढलं म्हणजे आधी राहत होतो, हे आलंच की. घर होतं याचा तेवढाच कागद आहे माझ्याकडे."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मग निदान दुमडू तरी नका," त्या म्हणाल्या.