शिफारस आणू नये

फादर आल्मेडांच्या हायस्कुलाविषयी पालकांनी काय काय जाणून घ्यावं, हे अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही! का? तर ते माहितीपत्रक मीच लिहिलंय. एकोणीसशे चोपन्नच्या उन्हाळ्यात. मोजून नऊ कलमं! त्यातलं सातवं तर असं झकास उतरलं की वकिलानंसुद्धा माझ्याकडे शिकवणी लावावी. आज तुम्हाला ते फुकटात समजावून सांगतो. तुमच्यावर काही मेहेरबानी नाही हां. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून.

आमची शाळा म्हणजे सहा खोल्या, एक घंटा, अंगणात चाफा आणि मागे चर्च. मी तिथला एकुलता एक कारकून, त्र्यंबक. फादर आल्मेडा मुख्याध्यापक. मूळचे चंदगडकडचे; घरात कोकणी, वर्गात इंग्रजी आणि माझ्याशी अगदी छापील मराठी. माणूस सरळ. इतका सरळ, की कोल्हापुरात याचा निभाव कसा लागायचा, याची मलाच काळजी!

त्या वर्षी पाचवीत पहिल्यांदाच मुली घ्यायचं ठरलं. फादरांनी मला बोलावलं. "त्र्यंबकराव, लोक येऊन विचारतात, आमच्या मुलांना बाटवणार का? गुडघे टेकायला लावणार का? काय ते एकदा छापून टाका."

मी बसलो लिहायला. धर्माला हात लावणार नाही. प्रार्थनेच्या वेळी हिंदू मुलांनी नुसतं शांत उभं राहावं. नवा प्रवेश फक्त पाचवीत, वरच्या वर्गात कुणालाही घेणार नाही. शाळेच्या नोकरांच्या मुलांचा विचार सर्वांत शेवटी, म्हणजे उगाच कुणी बोट दाखवायला नको. मग आलं सातवं. फादर म्हणाले, "लिहा, शिफारस आणू नये."

"फादर, एवढ्यानं कोल्हापूर ऐकत नसतं! जरा दम भरू की."

आणि मी पुढे ठोकून दिलं, 'ज्याच्यासाठी कोणीही शब्द टाकील, त्याचा अर्ज तत्काळ रद्द होईल. यास अपवाद नाही.' फादरांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. खूश झाले की ते चष्मा पुसतात.

मसुद्याची स्वच्छ प्रत केली माझ्या लेकीनं, कालिंदीनं. वय वर्षं दहा, चौथीत पहिली, अक्षर मोत्यासारखं. रोज दुपारी माझा डबा घेऊन शाळेत यायची. एकदा फादरांनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीचा पाय दाखवला, आणि संपलंच सगळं! "अप्पा, मुंगीच्या पायाला केस असतात!" हे आम्ही घरात तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी जाहीर झालं की शिकेन तर फादरांच्याच शाळेत. आमच्या दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, मुलीला मुलांच्यात बसवायला विरोध होता. त्यांच्याशी कधी नाही तो भांडलो मी तिच्यासाठी. भांडलो आणि जिंकलो!

प्रत करता करता पोर थांबली. "म्हणजे मला शेवटी घेणार?"

"शेवटी, पण घेणार! अगं, जागा चाळीस आहेत, अर्ज पस्तिसाच्या वर जात नाहीत. तुझी जागा कुठं पळून जातेय?"

कुठं पळून गेली, ते ऐका आता.

पत्रक वाटून तीन दिवस झाले नाहीत तोच हंबीरराव दारात. लाकडाची मोठी वखार, दरवाजात मावणार नाहीत असे खांदे.

"पावणं, ह्ये वाचलं म्या. शिफारस आणू नये म्हंजी बारकी आणू नये. व्हय का न्हाय?"

"छे हो! कुठलीच आणायची नाही."

"तसं लिवावंच लागतंय की!" त्यांनी डोळा मिचकावला. "बारक्या मान्सांसाठी असतंय त्ये. आमच्या बाळासोचं तेवढं बघा."

आता खरं म्हणजे मी सांगायला हवं होतं, की बाबा रे, जागा रिकाम्या आहेत, अर्ज भर आणि घरी जाऊन झोप. पण त्या धिप्पाड माणसानं माझ्यापुढे हात जोडले होते. भर आळीत! अठरा वर्षं कारकुनी केली, पण मला हात जोडणारा हा पहिलाच. छाती फुगली हो माझी. आणि तोंडातून शब्द गेला, "बघतो."

दुसऱ्या दिवशी शालूबाई आल्या. घरोघर दुधाचा रतीब घालणाऱ्या, नवरा इचलकरंजीला मागावर. "म्या कुनाला वळखत न्हाय, दादा. माज्या पोरीचं कोन बगनार?"

"मी आहे की! बघतो."

मग काय, रीघ लागली! कुणी गुळाची ढेप आणली, कुणी शेंगा. मी काही घेतलं नाही, एवढी अब्रू राखली. घेतले ते फक्त नमस्कार. पण त्यांची चटक दुधातुपाहून वाईट. रस्त्यानं माझी चाल बदलली. पानवाला आधी माझं पान लावायला लागला.

एक दिवस विमला, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, तुम्ही बघता बघता म्हणता, ते बघता तरी काय?"

"काही नाही. सगळ्यांना आपोआप प्रवेश मिळणार आहे."

"मग तसं सांगा की त्यांना!"

"सांगितलं तर मला कोण विचारील?"

ती भांडी आवरायला उठली. बायको वाद सोडून उठली की समजावं, आपण काहीतरी खरं बोलून गेलो.

शनिवारी यादी लागली. अर्ज तेहतीस, नावं तेहतीस! हंबीररावांनी मला शाळेच्या अंगणात उचलून गरकन फिरवलं. "ह्याला म्हंत्यात वशिला! त्र्यंबकरावांनी शब्द टाकला आन् कुनाचं पोर मागं ऱ्हायलं न्हाय!"

मी एका अक्षरानं बोललो नव्हतो फादरांशी. शप्पथ!

शालूबाईंनी विचारलं, "आन् तुमची लेक वो?"

"तिचं सोमवारी. नोकरांच्या मुलांचं शेवटी बघतात."

एवढंच बोललो मी. तेवढंच पुरलं. कोल्हापूरच्या माणसाचं एक आहे, तो कुणाचा उपकार अंगावर ठेवत नाही. फेडतो. आणि फेडतो तो वाजतगाजत!

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तर चर्चच्या बाजूनं हलगी ऐकू आली. चर्चकडे हलगी! अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. मागोमाग कालिंदी. बघतो तर काय, मिस्साची प्रार्थना आटोपून बाहेर आलेल्या फादरांना तेहतीस घरांनी घेरलंय. हातात नारळ, पेढे, हार! आणि हंबीरराव फादरांच्या पांढऱ्या झग्यावर शोभेल असा गुलाबी फेटा त्यांच्या डोक्याला बांधतायत. फादर बिचारे मान ताठ करून उभे. त्यांना वाटलं, शाळेचं कौतुक चाललंय.

"फादर, आमच्या पोरांचं झालं," हंबीरराव गरजले. "आता एकच मागनं हाय. त्र्यंबकरावांच्या पोरीचं बघा! आमी समदी शब्द टाकतो. आन् ही बारकी शिफारस न्हाय हां, तेहतीस घरांची हाय!"

"म्या बी शब्द टाकती!" शालूबाई ओरडल्या.

"आमी बी! आमी बी!" सगळं अंगण ओरडलं. ज्याचं ना पोर ना बाळ, तो हलगीवालासुद्धा ओरडला, "म्या बी!"

 फादरांनी सावकाश फेटा उतरवला, झग्याच्या खिशातून पत्रक काढलं आणि सातवं कलम मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत.

"यास अपवाद नाही. त्र्यंबकराव, हे वाक्य तुमचं."

"होय, फादर."

"या लोकांना तुम्ही पाठवलंत?"

"नाही, फादर! देवाशपथ नाही!"

"मग ते तुमच्या मुलीसाठी का आले? कारण सांगा. पटलं, तर कलम बाजूला ठेवीन. मलाही ती मुलगी हवी आहे."

बघा, माणूस किती सरळ! दार उघडून उभा होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की मी यांच्यासाठी काडीचंही केलेलं नाही, जागा रिकाम्या होत्या, हे उगाच माझे उपकार मानतायत. संपलं असतं! पण तेहतीस घरं माझ्याकडे बघत होती. हंबीररावांचा हात माझ्या खांद्यावर होता. पानवालासुद्धा येऊन उभा राहिला होता. आणि चाफ्याखाली कालिंदी. मी किती जागा, किती अर्ज हे सगळं तिला कधीच सांगून बसलो होतो.

मी म्हणालो, "लोकांचं प्रेम आहे, फादर."

फादरांनी पत्रकाची घडी घातली. "मग अपवाद नाही."

हंबीरराव खवळले! "आसं कसं? वर मोठ्या फादरकडं जाऊ की! मुंबैला जाऊ!" त्यांना आवरायलाही मलाच पुढे व्हावं लागलं. आवरता आवरता लोक म्हणाले, बघा, स्वतःच्या पोरीवर पाणी सोडलं, पण आपलं काम केलं! माझी इज्जत उलट वाढली हो. लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला जरा बरंही वाटलं.

घरी जाताना कालिंदी एकच वाक्य बोलली. "मी सांगू का अप्पा फादरांना, खरं काय ते?"

मी म्हटलं, "नको."

तिनं नाही सांगितलं. मी नको म्हटलेलं ती कधी करत नाही.

दादांनी तिला आळीतल्या मुलींच्या शाळेत घातलं. मी भांडायला गेलो नाही, कुठल्या तोंडानं जाणार? तिथं शिवण चांगलं शिकवतात. पाचवीच्या हजेरीपटावर त्या वर्षी सात ओळी कोऱ्या राहिल्या. हजेरीपट मीच आखतो. डबा आणायला मात्र ती पुढे कधी आली नाही. मीच सकाळी बरोबर नेतो.

पुढच्या मे महिन्यात बिद्रीकडचे एक पाहुणे पोरगी घेऊन घरी आले. "हंबीररावांनी धाडलंय. आमच्या ह्या पोरीचं बघा की, पावणं." सवयीनं माझं तोंड उघडलं. तेवढ्यात कालिंदी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"काका, अर्ज भरा आणि घरी जा," ती म्हणाली. "कुणाला काही सांगू नका. अप्पांनासुद्धा नको. हिला प्रवेश मिळेल." मग त्या पोरीला हळूच म्हणाली, "तिथं मुंगीचा पाय दाखवतात. बघ हं." आणि आत गेली.

पाहुणे खूश! माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "लई हुशार हाय वो पोरगी! हिला तर फादरच्याच शाळंत घातली आसंल. घरचाच वशिला, व्हय का न्हाय?"

मी म्हटलं, "पाणी घ्या, पावणं."