घर वगळून

तासगावच्या सदाआप्पांनी मला मदत केली. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं लिहिताना माझा धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर असावं. माझी शाळा सातवीत सुटली. मालक गलाईच्या कामाला, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायच्या कामाला, म्हणून आम्ही इकडं लांब सेलमला राहतो. मराठी बोलायला आजूबाजूला चार घरं आहेत, चुका दाखवायला कुणी नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

सदाआप्पा रजिस्टर कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडात बसून जमिनीचे दस्त लिहितात. दस्तात जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं, त्याला चतुःसीमा म्हणतात. जन्मभर तेच लिहून आप्पांना आता कुठलीच वस्तू चार बाजूंशिवाय दिसत नाही. फोनवर कुणी कुठं आहात विचारलं की सांगणार, "पूर्वेस झेरॉक्सवाली, पश्चिमेस मुतारी, दक्षिणेस वकील, उत्तरेस भिंत. मधी मी." दाताच्या डॉक्टरनं कुठला दात दुखतोय विचारलं, तर म्हणे, "पूर्वेस सुळा, पश्चिमेस पडकी जागा." तरी त्यानं भलताच दात काढला. आप्पांचं त्यावर एवढंच म्हणणं, "मोजणी न करता काढल्यावर दुसरं काय हुणार."

मोघम बोललेलं त्यांना खपत नाही. माझ्यापुढं एक पाव्हणा थोडी जमीन विकायची म्हणाला, तर आप्पांनी त्याला विचारलं, "थोडी म्हंजे? चिमूटभर का मूठभर?" चहावाल्यालासुद्धा जरा कडक कर म्हटलेलं चालत नाही, पत्तीचे चमचे सांगतात. लोक हसतात, वैतागतात, आणि दस्त त्यांच्याकडूनच लिहून घेतात.

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर माझ्या भावाच्या बरोबरीनं माझंही नाव लागलं होतं. ते कमी करायला मी सेलमहून आले. आमच्याकडं बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर शाबूत ठेवायचं, अशी रीत आहे. माझा भाऊ संभा मनानं वाईट नाही. द्राक्षबाग तोच राबून करतो. शेत त्यालाच द्यायचं हे मी केव्हाच ठरवलेलं होतं. धास्ती होती ती वेगळीच.

आमच्या घरात मागं एक खोली आहे. आई तिथं निजायची, आणि मी आले की मीही तिथंच. आई गेल्यावर पहिल्याच दिवाळीला आले तर खोलीत खताची पोती आणि फवारणीचा पंप. मी बाहेरच्या सोप्यात सोफ्यावर निजले, पिशवी उशाला घेऊन. कुणी काही बोललं नव्हतं. मीही बोलले नाही.

आप्पांनी आमचे कागद बघितले, मला बघितलं, आणि संभाला म्हणाले, "साक्षीदारांच्या आधार कार्डाचे रंगीत झेरॉक्स बाजारातनं आण. काळे चालत न्हाईत." तो गेल्यावर झेरॉक्सवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. काळे चालतात. बहीण सहीला आली की आप्पा तिच्या भावाला असंच कुठंतरी पिटाळतात, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

"आता तुझ्या तोंडानं सांग," आप्पा म्हणाले. "काय करायला आलीयास?"

"माझं हाय ते भावाला द्यायला."

"मोघम झालं. उसनं देतीयास? संभाळायला देतीयास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"हे एकदा रजिस्टर झालं की माघारी न्हाई, बाई. भाऊ चांगला हाय म्हणून तू सोडतीयास. पर 'चांगला हाय तवर' असं मला दस्तात न्हाई लिहिता येत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं आप्पा, मला जमीन नको. माझं माहेर तेवढं लिवा."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. माहेर कुठल्याच उताऱ्यावर लागत नाही, म्हणाले. मग त्यांनी मला वाचून दाखवलं: संभानं आणलेल्या मजकुरात शेत होतं आणि गावातलं राहतं घरही होतं. मी दोन्ही सोडत होते, आणि मला ते माहीतच नव्हतं. सोडायचं तेवढंच सोडता येतं, बाकीचं आपलंच राहतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी पोतीपंपाचं सगळं बोलले. त्यांनी दोन बोटांनी टाइप करत घराचा परिच्छेद काढून टाकला.

संभा परत आला, वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. "आक्का, घर कशाला ठिवलंस? आमी तुला हाकलून देतोय व्हय?"

आप्पा मान वर न करता म्हणाले, "तिला काय इचारतोस? मी काढलंय. शेताची नोंद तलाठ्याकडं, घराची ग्रामपंचायतीत. एका दस्तात घातलं की लय घोळ हुतो. बघू कवातरी."

कवातरी. मोघम शब्द आप्पांच्या तोंडून निघालेला झेरॉक्सवालीनंही प्रथमच ऐकला असावा, तिनं मशीन थांबवून बघितलं. आणि घोळबीळ काही होत नाही.

संभा फोटो काढायच्या रांगेत गेल्यावर मी विचारलं, माझ्यासाठी खोटं का बोललात. ते हळू आवाजात बोलले.

"माझ्या बहिणीचा दस्त मीच लिवला हुता. शेत, घर, समदं. तवर ती कवाबी यायची. दार ढकलून सरळ चुलीपुढं. सही झाल्यावर पयल्याच पंचमीला फोन आला. दादा, यिऊ का म्हणून." त्यांनी पुढचे कागद सारखे केले. "मी म्हणलं, ये की. पर तिनं इचारलं न्हवं का." मग म्हणाले, "आता इचारतबी न्हाई."

त्यांची बहीण कराडजवळ मलकापूरला असते. आप्पांची बायको वारली, मुलं पुण्याला, घरात ते एकटे.

संभा अजून फोनवर तुटक बोलतो. पण यंदा उन्हाळ्यात गेले तर पोती हलवलेली होती, खोली झाडलेली होती. कुणी झाडली ते मी विचारलं नाही. आईच्या जागेवर निजले आणि पहाटेपर्यंत रडले.

आप्पा, तुमचं हे माझ्या अंगावर आहे. फेडणार आहे. एक दिवस मलकापूरच्या एस्टीत बसेन, तुमच्या बहिणीला गाठेन, आणि न कळवता, न विचारता तिला तुमच्या चुलीपुढं आणून बसवीन.