ऑपरेटरबाईंच्या उजव्या कानात

उपासनेला अजून थोडा अवकाश होता, मंडळी चर्चमध्ये येऊन आपापल्या जागा धरत होती, तेवढ्यात ऑपरेटरबाईंच्या उजव्या कानात देव बोलला.

"आहे ना कोणी इथे?" देवानं विचारलं.

"आहे," बाई चटकन उभ्या राहून म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

"मग तेवढं उचल आणि खिडकीपाशी ठेव."

बाईंजवळ उचलण्यासारखी पर्सच होती. ती त्यांनी उचलली आणि खिडकीपाशी नेऊन ठेवली. "तिथे नको रे, पलीकडे," असं ऐकू आल्यावर ती पलीकडच्या खिडकीत ठेवली. देव आपल्याला 'रे' का म्हणतो, हा प्रश्न त्यांना पडला, पण अशा वेळी व्याकरण कोण काढतं?

बाईंचं उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर कान मंद झाले, मग पार बसले. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि चर्चमध्ये ओरडणं बरं दिसत नाही, म्हणून हळूहळू त्यांच्याशी कोणी बोलेनासंच झालं. सून दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिनं मागे लागून कानाच्या डॉक्टरांकडून त्यांना नवं यंत्र बसवून घेतलं. यंत्र लावून चर्चला यायचा हा पहिलाच रविवार, आणि पहिल्याच दिवशी थेट वरून लाइन लागली होती.

बाई डोळे मिटून पुढच्या आज्ञेची वाट बघत बसल्या.

"काल जरा जास्तच जेवलो," आवाज म्हणाला. "सकाळपासून छातीत जळजळतंय."

बाईंनी डोळे उघडले. जगाच्या निर्मात्याला पित्त झाल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. हा देव नव्हे, एवढं त्यांना कळलं. मग कोण? त्या कान देऊन ऐकायला लागल्या.

"म्हातारी फार जागा अडवतेय. तिचा आवाजही आता कुणाला सहन होत नाही. सोमवारी दुपारी गाडी सांगितलीय. मागच्या दारानं काढू, वर चादर टाकून. कळायच्या आत उरकलं की मग कोण काय करणार?"

त्या चर्चमध्ये सगळ्यांत वयस्कर बाई त्याच होत्या. आणि बहिरं माणूस मोठ्यानं गातं, हेही त्यांना ठाऊक होतं.

उभ्या आयुष्यात बाईंनी शेकडो क्रॉस कनेक्शन सोडवली होती. एकाच्या लाइनीत दुसऱ्याचं बोलणं घुसलं की कुठली तार कुठे चिकटली हे त्या झोपेतही सांगत. पण आपल्याच नावाचा फोन आला की माणूस तारेचा विचार करत नाही. घरी गेल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. सून म्हणाली, "आई, यंत्राचा सेल बघते मी." बाईंना राग आला. जिवावर बेतलंय आणि ही सेल बघतेय.

त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं ते चर्चमधल्या फोटोवाल्या काकांनी. काकांचा फोटोंचा स्टुडिओ होता. एके काळी तिथे पासपोर्ट फोटोसाठी रांग लागायची. मग ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला आणि रांग संपली. पडद्यासमोरच्या रिकाम्या स्टुलावर काका आता स्वतःच बसत आणि दिवसभर व्हिडिओ बघत. एवढा चालता धंदा आपोआप बसेल, हे त्यांना पटत नव्हतं. तो कुणीतरी बसवला होता. ज्यांनी तो बसवला त्यांनीच रस्त्यावरचे दिवे बदलले, ढगांची वाट वळवली, आणि लवकरच ते सगळ्यांच्या कपाळावर बायबलातला तो श्वापदाचा शिक्का मारणार होते. शास्त्रात सगळं येऊन गेलंय, फक्त तारखा तेवढ्या बसवायच्या राहिल्यात, असं काका म्हणत.

"पण ते म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"ते म्हणजे ते," काका म्हणाले, आणि आवाज खाली आणून त्यांनी पुस्ती जोडली, "नाव घेतलं की त्यांना कळतं."

त्या दिवशी संध्याकाळी काकांच्या स्टुडिओत चौघं जमले. केकवाल्या बाई आल्या. त्यांचा मुलगा दूरदेशी होता आणि फोन करत नसे. फोन येऊ दिले जात नाहीत, अशी त्यांची खात्री होती. विजेच्या खात्यातले मीटरवाले भाऊ आले, त्यांची बढती तीनदा हुकली होती आणि त्यालाही कारण होतंच. काकांनी बाईंसाठी स्वतः खुर्ची ओढली. केकवाल्या बाईंनी त्यांना मऊ केकचा मधला तुकडा दिला. सगळे त्यांच्या उजव्या कानाकडे आदरानं बघत होते. बाई घाबरलेल्या होत्या हे खरं, पण इतकी माणसं आपल्याकडे तोंड करून बोलतायत, हे त्यांना किती वर्षांनी मिळत होतं. त्यांनी केकचा दुसरा तुकडाही घेतला आणि आवाजाची हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या खेपेला ती थोडी लांबली.

काकांनी उलगडा केला. म्हातारी हा नुसता सांकेतिक शब्द असेल. म्हातारी म्हणजे जुनी मंडळी, म्हणजे चर्चच. चर्चला मागच्या दारानं काढणार आणि चादर टाकणार, म्हणजे विश्वास झाकून टाकणार. चर्चचे पाळकसाहेब मागे एका परिषदेला परदेशी गेले होते ते उगाच नव्हे. तेवढ्यात केकवाल्या बाई हळूच म्हणाल्या, की आज सकाळी त्यांनाही काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं होतं. त्या बोलल्या नव्हत्या इतकंच. मीटरवाल्या भाऊंनी क्षणभर विचार केला आणि आपल्यालाही आल्याचं त्यांना आठवलं. काकांना तर ते दोन महिन्यांपासून येत होतं.

सोमवारी दुपारी चर्चच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा राहिला. दोन हमाल आणि रखवालदार चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट, जड बाहेर आणत होते. मागून पाळकसाहेब "हळू, हळू" करत येत होते. तेवढ्यात चौघं, आणि निरोप मिळाल्यावर जमलेली आणखी पंधरा-वीस माणसं, टेम्पोला आडवी झाली.

"चादर काढा," काका म्हणाले.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात जोडले, सगळं नंतर सांगतो म्हणाले, आवाज करू नका म्हणाले. प्रत्येक वाक्यासरशी जमावाची खात्री वाढत गेली. शेवटी मीटरवाल्या भाऊंनी पुढे होऊन चादर ओढली.

आत चर्चची जुनी पायपेटी होती. तिचे तीन सूर कायमचे बसले होते आणि भाता दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकत असे. ती पाळकसाहेबांच्या सासूबाईंनी चर्चला दिली होती आणि दर रविवारी वाजवतही त्याच होत्या. त्या सोमवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांकडे जाणार होत्या. तेवढ्या वेळात पेटी हलवायची आणि नवी आणून ठेवायची, असा पाळकसाहेबांचा बेत होता. म्हणजे कट होताच, फक्त तो सासूबाईंविरुद्ध होता. आणि आता आरडाओरडा ऐकून त्या स्वतःच, गालाला बर्फाची पिशवी लावून, कोपऱ्यावरून चर्चकडे येत होत्या.

पेटी पाचच मिनिटांत मूळ जागी गेली. पाळकसाहेब पुढचे काही दिवस घरात कसे वावरले, ते न सांगितलेलंच बरं.

सुनेनं आणि कानाच्या डॉक्टरांनी मिळून खरा प्रकार शोधला. कमी ऐकू येणाऱ्यांची सोय म्हणून पाळकसाहेबांनीच वर्षापूर्वी चर्चच्या गालिच्याखालून एक तार फिरवून घेतली होती. त्यांच्या कॉलरवरच्या माइकमध्ये जे बोललं जाईल ते त्या तारेतून थेट कानाच्या यंत्रात जाई. कर्ण्यांचं बटण उपासना सुरू झाल्यावर दाबायचे, तारेचं कायम चालूच असे. आणि पाळकसाहेब विसरायला नको म्हणून घरूनच माइक चालू करून येत. चर्चमध्ये तसलं यंत्र एकट्या ऑपरेटरबाईंच्या कानात होतं, म्हणून मागच्या खोलीत पाळकसाहेब रखवालदाराशी जे बोलले ते त्यांनाच ऐकू आलं.

बाईंना ते तत्काळ पटलं. आपण एक्स्चेंजमधल्या असून हे कसं सुचलं नाही, म्हणून त्या घरी एकट्याच हसल्या. मग काकांच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी सगळ्यांना तारेचं सांगितलं. त्यांना वाटलं, सगळे हसतील आणि चहा मागवतील.

कोणी हसलं नाही.

"चादर इतक्या सहज ओढू दिली, तेव्हाच मला शंका आली होती," मीटरवाले भाऊ म्हणाले. "खरी वस्तू दुसऱ्या गाडीनं गेली."

"आणि ती तार म्हणता," केकवाल्या बाईंनी विचारलं, "तर मग आम्हाला कसं ऐकू येतं? आमच्या कानात कुठे यंत्र आहे?"

याचं उत्तर बाईंकडे होतं. पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

काका बराच वेळ त्यांच्या कानाकडे बघत राहिले. या खेपेला त्या बघण्यात आदर नव्हता. "यंत्र कुठल्या दवाखान्यातलं?" त्यांनी विचारलं. "जिथे सून कामाला आहे तिथलं. हो ना? मग झालं तर."

घरी पोहोचेपर्यंत बाईंना काकांच्या मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर त्या एकट्याच बसल्या. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं, अगदी चार बाकांपलीकडची कुजबुजसुद्धा, आणि ती त्यांच्याबद्दलच होती.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशात सगळं उघड सांगितलं, माइकचं, तारेचं, पेटीचंही. मग ते म्हणाले, की शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही ही आज्ञा आहे, आणि फोनवर आलेलं पुढे पाठवलं तरी ती साक्षच होते. मागच्या बाकांवर काका प्रत्येक वाक्यातलं पहिलं अक्षर टिपून घेत होते.

दोन दिवसांनी पाळकसाहेब बाईंच्या घरी आले. त्यांनी माफी मागितली. मग चहाचा कप हातात घुमवत त्यांनी विचारलं, त्या रविवारी आणखी काय काय ऐकू आलं?

"लाइन जोडून देणं आमचं काम," बाई म्हणाल्या. "ऐकलेलं आम्ही बोलत नाही."

पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते जरा मोकळे झाले. म्हणाले, "बाई, एक मला कळत नाही. देव सगळं बघतोय, सगळं त्याच्या हातात आहे, हे मी वीस वर्षं सांगतोय. यांना जांभया येतात. तेच 'ते' सगळं बघतायत म्हटलं की यांच्या अंगात बळ येतं."

बाईंनी थोडा विचार केला. "देव काही मागतो, साहेब," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याला माफ कर, म्हातारीची विचारपूस कर. ते लोक काही मागत नाहीत. त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं. आणि आपला मुलगा आपल्याला विसरलाय यापेक्षा कुणीतरी त्याचा फोन अडवलाय, हे सोसायला सोपं असतं." मग म्हणाल्या, "एक सांगते. त्या रविवारी उपदेशाला उभं राहायच्या आधी तुम्ही मागच्या खोलीत प्रार्थना केलीत, की आज एकानं तरी ऐकू दे. मी ऐकत होते."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

महिना गेला. बाई कान तपासायला गेल्या तेव्हा कानाचे डॉक्टर वैतागलेले दिसले. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये कसली साथ आलीय का?"

बाईंना अर्थ कळेना. डॉक्टर म्हणाले, की तिथली माणसं एकेक करून येतायत. एक केकवाल्या, एक वीज मीटरचं काम करणारे, आणखी कितीतरी. सगळ्यांचे कान ठणठणीत. प्रत्येकाला बाईंसारखंच यंत्र हवं, पण बाहेरून दिसणार नाही असं. प्रत्येक जण सांगतो, की बाकी सगळ्यांना ऐकू येतं, मला एकट्यालाच येत नाही. आणि प्रत्येक जण बजावून जातो, की आमच्या मंडळीत कुणाला कळता कामा नये.

"काल एक स्टुडिओवाले आले होते," डॉक्टर म्हणाले. "रडकुंडीला आले होते हो. चांगल्या कानाला यंत्र देत नाही म्हटलं, तर जाताना मला म्हणाले, तुम्हीही त्यांच्यातलेच."

रविवारी बाई जरा लवकर गेल्या. मागच्या बाकांवर काकांची मंडळी बसली होती, आता चांगली दोन बाक भरून. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना किंचित कलत्या. पाळकसाहेब अजून मागच्या खोलीत होते, आणि हल्ली ते माइक घरून चालू करून येत नसत. बाईंच्या उजव्या कानात अगदी शांत होतं.

"आज फार स्पष्ट येतोय," काका म्हणाले.

"फारच," केकवाल्या बाई म्हणाल्या. मीटरवाल्या भाऊंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पुढचं चुकायला नको म्हणून.

काकांनी डोळे उघडले तर समोर ऑपरेटरबाई उभ्या. त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांकडची बातमी यांच्या कानावर गेली, हे त्यांना बघताक्षणी कळलं असावं. बाईंनी त्या दोन बाकांवरून सावकाश नजर फिरवली. एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"असं का?" त्या म्हणाल्या. "मग जरा सरकून घ्या. मलाही ऐकू द्या."

काका सरकले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि डोळे मिटून मान कलती केली.