टोपीताई आणि अण्णांचा आवाज

टोपीताईंच्या घरी फोन केलात, तर तो बहुधा आठ वर्षांचा एक मुलगा उचलेल. "आई घरी नाहीये," असं तो सांगेल. तुम्ही विमा विकायला बसलेले असाल, तर चिकाटीने विचाराल, "बाळा, मोठं कुणी आहे का घरात?" मग तो मुलगा "आजीऽऽ" म्हणून हाक मारेल, आतून खोकत खोकत एक आजी "कोण मेलं रे आता?" असं ओरडेल, मागोमाग एक कुत्रा भुंकेल आणि तुम्ही मुकाट्याने फोन ठेवून द्याल. मी स्वतः विम्यातच असल्यामुळे मला पलीकडच्या माणसाची दया येते. कारण त्या घरात मुलगा नाही, आजी नाही, कुत्रा तर नाहीच. आहेत त्या सत्तरी ओलांडलेल्या टोपीताई आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान, अण्णा.

ताईंचं खरं नाव शकुंतला तिरोडकर. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत हे नाव फक्त विजेच्या बिलावर येतं. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळात रविवारी सकाळी मुलांचा एक कार्यक्रम लागायचा आणि त्यात एक ताई डोक्यावर भलीमोठी लाल टोपी घालून यायच्या. मग टोपी काढून त्या तिच्यातून मुलांनी पाठवलेली चित्रं बाहेर काढायच्या. टोपीत गुंडू नावाचा उंदीर राहायचा. तो कधीच दिसायचा नाही, फक्त आतून बोलायचा. पुढे ताईंनीच मला सांगितलं की बाहुला तयार होता, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याच्यावर बसलं. दुसरा मिळेना, म्हणून गुंडू आतच राहिला. आम्ही मुलं मात्र त्या उंदराची आठवडाभर वाट पाहायचो.

मीही त्या टोपीसाठी एक हत्ती काढून पाठवला होता. तो टीव्हीवर आला नाही. योगायोग असा की लग्नानंतर मला खोली मिळाली ती याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, ताईंच्या शेजारी. पहिल्याच भेटीत मी हत्तीचा विषय काढला. ताईंनी डोळे मिटून आठवल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "निळ्या खडूने काढलेला? अरे, तो हत्ती होता होय! आम्ही सगळे किटली समजलो." खरंखोटं देव जाणे. पण माझा खडू निळाच होता.

पुढे वाहिन्या वाढल्या, टोपी जुनी झाली आणि ताई कॅमेऱ्यासमोरून माइकमागे गेल्या. परदेशी कार्टून मराठीत आणि हिंदीत यायला लागली होती, त्यांना आवाज देणारी माणसं हवी होती. त्यातल्या लहान मुलांचे आवाज बहुतेक वेळा बायकाच देतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज दोन वर्षांत फुटतो. ताईंनी शेकड्याने मुलगे केले, खारी केल्या, एक रडकं कासव केलं, एक गर्विष्ठ चहाची किटली केली. किटलीचा विषय निघाला की त्या माझ्याकडे बघतात.

या कामाचा त्यांचा एकच मंत्र आहे, "ओठ आधी, अर्थ मग." म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं तोंड उघडलं की त्याच क्षणी आवाज पडला पाहिजे आणि मिटलं की थांबला पाहिजे. वाक्य कितीही सुंदर असू दे, तोंड हलतंय आणि आवाज नाही, म्हणजे काम फुकट. "रिकामं तोंड बघवत नाही मला," असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. गॅलरीत उभ्या राहून त्या समोरच्या रस्त्यावरच्या माणसांना आवाज द्यायच्या. कोपऱ्यावरचा हवालदार, बसस्टॉपवर रुसलेली मुलगी, तिची समजूत काढणारा मुलगा, मच्छीवालीशी हुज्जत घालणारे आमचे सेक्रेटरी. माझी बायको मनीषा गॅसवरचं दूध सोडून ऐकायला यायची. एकदा मी खाली उभा राहून साहेबांशी फोनवर बोलत होतो. वर आलो तर सगळा मजला हसत होता. ताईंनी मला आवाज दिला होता. राग त्याचा नाही आला. मी खरोखर तेच बोललो होतो, 'सर' धरून, याचा आला.

अण्णा अगदी उलट. कोर्टात कारकून म्हणून उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी ऐकली, त्यामुळे असेल, पण स्वतः दिवसाला चार वाक्यं बोलणार, आणि ती मालवणीत. आवाज मात्र असा भारदस्त की जिना चढता चढता "कोण रे?" म्हणाले तरी खालची पोरं पळायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले. समजायचंही सगळं. पण वाचा गेली. काही सांगायचं असलं की ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताणायच्या आणि आवाज यायचा नाही.

आणि तोंड हललेलं ताईंना रिकामं सोडवेना.

हॉस्पिटलमधून घरी आल्याच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. अण्णांचे ओठ हलले आणि खणखणीत आवाज आला, "ये रे सुधीर, बस. चाय घेतलंस?" मी दचकून इकडेतिकडे बघितलं. आवाज हुबेहूब अण्णांचा. तोच खर्ज, तीच बोलण्याआधी खाकरायची लकब. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून कपाटाच्या आरशातून अण्णांच्या तोंडाकडे बघत होत्या.

हळूहळू चाळीला सवय झाली. ताई नवऱ्याशी भांडायच्या आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलायच्या. पुष्कळदा हरायच्याही. पाण्याचा पंप सकाळी किती वाजता लावायचा, यावर मीटिंग झाली तेव्हा ताईंनी सहाला हात वर केला. तेवढ्यात अण्णांचे ओठ हलले. ताई नाइलाजाने म्हणाल्या, "यांचं मत वेगळं आहे," आणि अण्णांच्या आवाजात साडेपाचच्या बाजूने असं काही भाषण केलं की ठराव साडेपाचचाच पास झाला. घरी आल्यावर त्या अण्णांवर चांगल्याच तणतणत होत्या. "चारचौघांत मला पाडायची काय गरज होती?" अण्णा बिचारे कपाळाला हात लावून बसले होते.

एक दिवस मनीषा म्हणाली, "आजारपणापासून अण्णा किती गोड बोलायला लागलेत, नाही?" खरंच होतं. 'शकू, सार बरा झाला हा.' 'शकू, ही साडी तुका शोभता.' 'दमलंस गो, बस जरा.' येताजाता कानावर पडायचं. आम्ही त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढली, अण्णांच्या तोंडून यातलं एक वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आवाज अण्णांचा, मजकूर ताईंचा, हे माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. अण्णा अधूनमधून डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारायचे. ताई लगेच त्यांच्या आवाजात "बरोबर!" म्हणायच्या. पण अण्णांच्या चेहऱ्यावर 'बरोबर' नसायचं.

मग वाचा सुधारण्याचे धडे द्यायला एक तरुण डॉक्टर मुलगी घरी यायला लागली. पहिल्या दिवशी तिने अण्णांशी छान अर्धा तास गप्पा मारल्या. पेशंट इतका चांगला बोलतो, तर मला कशाला बोलावलं, असा प्रश्न तिला पडला असणार. आवाज कुठून येतोय हे कळल्यावर ती आधी खो खो हसली आणि मग गंभीर झाली. मी औषधं पोचवायला गेलो होतो, माझ्यासमोरच म्हणाली, "काकू, काकांचं तोंड उघडायचा अवकाश की तुम्ही बोलता. मग त्यांनी कशाला जिवाचा आटापिटा करायचा? त्यांचा आवाज परत येऊ शकतो, पण जितका उशीर होईल तितकं कठीण. तुम्ही गप्प बसायचं. ओठ हलले तरी वाट बघायची. वाक्य पुरं करून द्यायचं नाही."

"आणि त्यांना जमलंच नाही तर?"

"तरीही तुम्ही बोलायचं नाही."

त्या संध्याकाळी ताई गॅलरीत उभ्या होत्या. समोर बसस्टॉपवर दोघंजण तावातावाने भांडत होते, त्यांच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्यांचे एवढे आवाज ऐकले, पण त्यांचा स्वतःचा आवाज नीट ऐकला तो त्या दिवशी. जरा खालच्या पट्टीतला, थकलेला.

"सुधीर, मी लबाडी केली रे. ओठ त्यांचे आणि वाक्यं मला हवी ती. बरी दिसतेस, दमली असशील, चांगलं झालंय. माणूस वाईट नाही, पण हे कधी म्हणाले नाहीत. मी म्हटलं, नाहीतरी तोंड रिकामंच आहे, आपणच म्हणून घेऊ आणि आपणच ऐकू." मग हसल्या. "आता ते बोलायला लागले की हे गोड बोलणारे अण्णा गेले. आणि मी बोलत राहिले तर खरे अण्णा गेले."

 

दुसऱ्या दिवसापासून ताई गप्प झाल्या. अगदी गप्प. फोनवर मुलगा येईना, आजी येईना, नुसतं कोरडं "हॅलो" यायचं. अण्णांचे ओठ हलायला लागले की ताई पदराचं टोक मुठीत गच्च धरायच्या. अण्णा बघत राहायचे, आता आवाज येईल म्हणून. तो येत नाही असं कळल्यावर तोंड मिटून खिडकीबाहेर बघायचे. आम्हाला ती शांतता भिंतीपलीकडूनही सोसेना. मनीषा उगाच रेडिओ लावायची.

त्यात आणखी एक काळजी. ताई काही केलं की वाटी आमच्याकडे पाठवतात. त्या वाट्या अळणी यायला लागल्या. सार अळणी, उसळ अळणी, बांगड्याची आमटी अळणी. "विसरायला लागल्या की काय गं," मी म्हटलं. मनीषा म्हणाली, "एकदा विसरतील. रोज कशा?" शेवटी रविवारी दुपारी आम्ही विचारायलाच गेलो.

दोघंही जेवायला बसली होती. ताटात भात आणि बांगड्याची आमटी. ताईंनी आम्हाला नजरेनेच दाराशी थोपवलं. अण्णांनी एक घास घेतला आणि चावायचे थांबले. ताटाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. ताई शांतपणे स्वतःचा अळणी भात खात होत्या. अण्णांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. मिटले. पुन्हा हलले. ताईंचा घास हातातच राहिला.

"मी..." असा एक घोगरा आवाज आला. "मी... मीठ... खंय?"

तो आवाज ताई काढायच्या त्या अण्णांचा नव्हता. बारीक, चिरका, एका बाजूला ओढला गेलेला. टोपीताईंसारख्या कसलेल्या बाईने तो पहिल्याच फटक्यात नापास केला असता. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"उभ्या संसारात या माणसाने मीठ कमी पडलेलं एकदाही सोडलं नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. "चांगलं झालं तर बोलायचे नाहीत, पण यावर बोलणार, हे मला माहीत होतं. आठवडे काढले रे अळणी खाऊन." मनीषाच्याही डोळ्यांना पदर लागला होता. मला आमच्या वाट्यांचं कोडं सुटलं.

ताई उठल्या, फडताळातून मिठाची बरणी आणली आणि अण्णांच्या ताटात डॉक्टरांनी सांगितलेलं चिमूटभर मीठ वाढलं. अण्णांनी कालवलं, एक घास खाल्ला. आता झालं, असं समजून आम्ही निघणार, इतक्यात अण्णांनी डाव्या हाताने बरणी हळूहळू ताईंच्या ताटाकडे सरकवायला सुरुवात केली. ओठ हलायला लागले. खूप वेळ नुसतेच हलत राहिले. ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"तुका?" अण्णा म्हणाले.

तुला हवंय का, एवढंच. असलं वाक्य ताईंनी त्यांच्या तोंडी कधीच घातलं नव्हतं. ते त्यांना सुचलंच नव्हतं. ताईंनी नुसतं ताट पुढे केलं. अण्णांनी चिमूट भरली, निम्मं मीठ ताटाबाहेर सांडलं, उरलेलं भातावर पडलं.

आम्ही दार ओढून घेतलं आणि घरी आलो.