उणे वीसमधला कोट

ओव्हरकोटाच्या कॉलरखाली पहिली अळी सापडली तेव्हा मॅडमना, खरं सांगायचं तर, आनंद झाला. तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. माजी सैनिक साहाय्य संस्थेच्या वस्तुसंग्रहालयाचं उद्घाटन सोळा दिवसांवर आलेलं असताना, तिथल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूला कसर लागल्याचं पाहून हसणं बरं दिसलं नसतं. पण बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाईला संस्थेत आल्यापासून फक्त धूळ पुसायला मिळत होती. आता कुठे कामाचं काम निघालं होतं.

संस्था तीन खोल्यांची. पुढच्या दोन खोल्यांत निवृत्त सैनिकांचे अर्ज भरले जात. कुणाला श्रवणयंत्र हवं असे, कुणाला चाकांची खुर्ची, कुणाला कवळी. मागच्या खोलीत एक बिगुल, चार नकाशे, गोळी लागून चेपलेला पत्र्याचा मग आणि हा कोट होता. कोट एक्याण्णव वर्षांच्या आजोबांचा. बर्फातल्या एका चौकीवर त्यांनी तो दोन हिवाळे अंगावरून उतरवला नव्हता. आता त्यांची मुलगी त्यांना कायमचं तिच्या गावी नेणार होती, उद्घाटनाच्याच रविवारी संध्याकाळी. कोट देताना आजोबांनी एकच अट घातली होती. "एकदा मांडलेला बघीन, मग जाईन."

"उन्हात टाका आणि डांबरगोळ्या घाला," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त कॅप्टन होते आणि कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर आठ शब्दांच्या आत असे. 

"कॅप्टनसाहेब, डांबरगोळ्यांनी अंडी मरत नाहीत. आणि उन्हानं रंग मरतो."

"मग अंडी कशानं मरतात?"

"थंडीनं. उणे वीस अंशांवर चौदा दिवस. मग चोवीस तास पिशवी न उघडता बाहेर ठेवायचं. घाईनं उघडली तर हवेतलं पाणी कोटावर जमतं."

कॅप्टननी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "आज शुक्रवार. म्हणजे उद्याच्या नाही, पुढच्याही नाही, त्याच्या पुढच्या... शनिवारी मोकळा. रविवारी कपाटात."

"अगदी बरोबर."

"योजना उत्तम आहे," कॅप्टन म्हणाले. "कागदावर सगळ्याच असतात."

उणे वीस अंश आणायचे कुठून, हा प्रश्न मॅडमनी घरी मांडला. यजमान शब्दकोडं सोडवत होते.

"आपल्या फ्रीजमध्ये ठेव की."

"अहो, वरच्या कप्प्यात त्याची एक बाही मावणार नाही."

"मग एकेक बाही ठेव."

शेवटी उपाय रस्त्याच्या पलीकडेच सापडला. संस्थेच्या समोर आइस्क्रीमचं दुकान होतं. थंडीचे दिवस असल्यामुळे तिथल्या दोन लांबलचक, काचेच्या झाकणांच्या फ्रीजरपैकी एक रिकामाच होता. दुकानदाराच्या काकांना संस्थेनं श्रवणयंत्र मिळवून दिलं होतं. "मॅडम, न्या, वापरा," तो म्हणाला. "या दिवसांत आइस्क्रीम खातंय कोण? आणि सैनिकाचा कोट आहे म्हटल्यावर मी नाही म्हणणार होय?"

मॅडमनी सगळं नियमानुसार केलं. घडी पडू नये म्हणून कोट पूर्ण लांबीत उताणा ठेवला. बाह्या चपट्या होऊन लोकर मोडू नये म्हणून त्यांत मऊ कागदाच्या गुंडाळ्या भरल्या. छातीतही थोडा कागद भरला. बटणं लावली, कॉलर उभी केली, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. मग एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहून ते काचेवर लावलं.

"आत जिवंत कीटक आहेत (अळ्या ७, पतंग २). विषारी औषध वापरलेले नाही. उघडू नये."

दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ते पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. त्या समाधानानं घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुकानदार संस्थेच्या दारात उभा. "मॅडम, त्या चिठ्ठीत जरा बदल करता येईल का? लोक आत येतात, वाचतात, अन् तसेच मागे जातात."

"कुठल्या शब्दावर हरकत आहे?"

"'जिवंत'वर."

मॅडमनी विचार केला. उणे वीसवर तीन दिवस म्हणजे मागणी रास्त होती. त्यांनी नवीन कार्ड लिहिलं. "आतील कीटक बहुधा मेले आहेत. अंड्यांबद्दल अद्याप खात्री देता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानदार पुन्हा हजर. या खेपेला त्याला बसायला खुर्ची लागली. "मॅडम, एक बाई विचारत होत्या, तुमच्या व्हॅनिलात कसली अंडी घालता म्हणून."

घरी यजमानांनी कोड्यातून मान वर केली. "अगं, खरं आहे ते सगळं लिहिलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"अर्धं लिहिलेलं लेबल म्हणजे खोटं लेबल."

"मग निदान छोटं तरी लिही."

तिसरं कार्ड छोटं होतं. "यात खाद्यपदार्थ नाहीत." आणि इथेच सगळं फिसकटलं. कारण आधीची कार्डं वाचून लोक पळत होते, हे वाचून ते डोकावायला लागले. खाद्यपदार्थ नाहीत, तर मग आहे काय? काचेतून खाली पाहिलं तर दिसत होते दोन भरलेले हात, भरलेली छाती, पितळी बटणांची रांग आणि उभ्या कॉलरच्या वर काहीच नाही.

"काका, यांचं डोकं कुठाय?" एका लहान मुलीनं विचारलं.

संध्याकाळपर्यंत बातमी चार गल्ल्या फिरून आली. संस्थेनं म्हणे एक सैनिक बर्फात ठेवलाय, नातेवाईक परदेशातून यायचेत. यावर कुणी फारसा अविश्वासही दाखवला नाही. संस्था आपल्या माणसांसाठी शेवटपर्यंत सगळं करते, अशी तिची ख्याती होतीच. एका वयस्कर सभासदानं तर कॅप्टनना फोन करून विचारलं, "ही सोय सगळ्यांना आहे, की नाव आधी नोंदवावं लागतं?"

गुरुवारी, म्हणजे तेराव्या दिवशी, दुकानात अन्न निरीक्षक आले. बारीक, शांत गृहस्थ. हातात जाडजूड फाइल. दुकानदारानं धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं.

"तक्रार दोन प्रकारची आहे," निरीक्षक म्हणाले. "एकांचं म्हणणं, आत मृतदेह आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, किडे आहेत. मृतदेह माझ्या खात्यात येत नाही. किडे येतात."

"मृतदेह नाहीये," मॅडम चटकन म्हणाल्या. "किडे आहेत."

दुकानदारानं डोळे मिटून घेतले.

"किती?"

"अळ्या सात, पतंग दोन. कॉलरखाली चार, डाव्या खिशात तीन. पतंग अस्तरात. ही माझी नोंदवही."

निरीक्षकांनी वही पहिल्या पानापासून वाचली. रोजचं सकाळ-संध्याकाळचं तापमान, अळ्यांच्या लांब्या, एक आकृतीसुद्धा. "बाई, नोकरीत एकवीस वर्षं झाली. आरोपीनं स्वतःहून इतका नीटनेटका पुरावा आज पहिल्यांदा दिला."

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या. वहीचं कौतुक झालं की हा शब्द आपोआप बाहेर पडायचा. काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर निरीक्षक सीलसाठी लाख वितळवायला लागले होते.

"अहो, पण उद्या मला हा बाहेर काढायचाय!"

"मंगळवारी सुनावणी. तोवर आहे तसं राहील."

"आणि मध्येच कुणी वीज बंद केली तर?"

"नाही करणार. पुरावा टिकला पाहिजे." त्यांनी झाकणांवर सील ठोकलं, मग खाली वाकून भिंतीतल्या प्लगलाही ठोकलं. एवढ्या संकटातही मॅडमच्या मनात आलं, की हा माणूस आपल्या वर्गात असता तर प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण दिले असते.

शनिवारी दुपारी संस्थेत रिकाम्या काचेच्या कपाटासमोर त्या आणि कॅप्टन बसले. मॅडमनी मनाशी सगळी उजळणी केली. अळी ओळखली, बरोबर. पद्धत निवडली, बरोबर. बाह्या भरल्या, बरोबर. तीन कार्डं लिहिली, तीनही खरी. निरीक्षकांना माहिती दिली, अचूक. प्रत्येक पायरी बरोबर आणि उत्तर चूक. विद्यार्थ्यानं असा पेपर लिहिला असता तर त्यांनी शेरा मारला असता, "हुशार आहे, पण डोकं वापरत नाही."

"माझ्या घरी एक कोट आहे," कॅप्टन म्हणाले. "रंग साधारण तोच. आजोबांची नजर आता मंदावलीय."

"नको. ते खोटं होईल."

"मॅडम, तुमच्या खऱ्यानंच आपल्याला इथवर आणलंय."

मॅडमनी ते वाक्य मनात तपासलं. त्या वाक्यात त्यांना एकही चूक सापडली नाही, याचंच जास्त लागलं.

रविवारी सकाळी तीसेक माणसं जमली. आजोबांची चाकांची खुर्ची त्यांची मुलगी ढकलत होती. तीही साठीची. आजोबांनी दाढी केली होती, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलं होतं. कॅप्टननी रिकाम्या कपाटाकडे पाठ करून बिगुलाविषयी बोलायला सुरुवात केली आणि अकरा मिनिटं ते बिगुलाविषयीच बोलले. आयुष्यात त्यांनी एवढे शब्द एका दमात कधी वापरले नव्हते.

"बिगुल कळला," आजोबा म्हणाले. "कोट कुठाय?"

कॅप्टननी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी पहिल्या अळीपासून लाखेच्या सीलपर्यंत सगळं तारीखवार सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चूक सर्वस्वी माझी आहे. तुमचा कोट आज इथे नाही, आणि संध्याकाळी तुम्ही जाणार. तुमची एकच अट होती. ती माझ्यामुळे मोडली."

आजोबांनी कानातलं यंत्र जरा पिळलं. "म्हणजे कोट थंडीत ठेवलाय?"

"हो."

"किती?"

"उणे वीस."

"वारा?"

"वारा नाही, आजोबा."

"मग घाबरताय कशाला? याच्याहून वाईट दिवस काढलेत त्यानं. चला, दाखवा."

सगळी सभा उठून रस्ता ओलांडून आइस्क्रीमच्या दुकानात गेली. दुकानदारानं लगबगीनं रेडिओ बंद केला. खुर्ची फ्रीजरला टेकल्यावर काच बरोबर आजोबांच्या छातीशी आली. सोळा दिवसांत प्लॅस्टिकवर हिम साठलं होतं. खांद्यांवर, बाह्यांवर, बटणांच्या मधल्या खाचांत पांढरा थर बसला होता. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मॅडमना वाटलं, नजर पोचत नसावी. चष्मा पुसायला कापड द्यावं का, असा विचार करून त्या पर्स उघडत होत्या, तेवढ्यात आजोबा बोलले.

"पोरी, इकडे ये. लहानपणी सारखी विचारायचीस ना, तिकडे कसं होतं म्हणून? मला कधी सांगताच आलं नाही. हात ठेव इथे."

मुलीनं काचेवर तळवा टेकवला.

"आता काढू नकोस."

"बाबा, गार लागतंय."

"ठेव अजून."

"बाबा, बोटं दुखायला लागली."

"हां," आजोबा म्हणाले. "असे दोन हिवाळे."

मुलीनं हात काढला नाही. दुसराही तळवा शेजारी ठेवला. मागचे लोक नकळत पुढे सरकले आणि जागा मिळेल तिथे एकेकानं काचेवर हात टेकवला. कॅप्टननी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं, मग त्यांनीही.

"कपाटात टांगला असतात तर मी म्हणालो असतो, दुसऱ्या कुणाचा तरी आहे," आजोबा मॅडमना म्हणाले. "एवढा कोरडा तो मला माहीतच नाही."

मॅडमनी पर्स मिटली आणि स्वतःचा तळवा काचेवर टेकवला. 

"आजोबा, आइस्क्रीम देऊ?" दुकानदारानं घसा खाकरून विचारलं. "माझ्यातर्फे."

"दे की. सगळ्यात कमी गार कुठलं आहे?"

संध्याकाळी आजोबा ठरल्याप्रमाणे गेले. मंगळवारी सुनावणीत मॅडमनी चाळीस मिनिटं साक्ष दिली, तेव्हा अधिकाऱ्यांनीच हात जोडून प्रकरण मिटवलं. निरीक्षक सील काढायला दुकानात आले, तर दारात रांग. माणसं काचेवर हात ठेवत होती, मनात आकडे मोजत होती, मग हात चोळत दुसऱ्या फ्रीजरकडे वळून चक्क आइस्क्रीम घेत होती.

"साहेब, एवढी काय घाई आहे?" ज्यानं पंधरा दिवस मॅडमची झोप उडवली होती तोच दुकानदार म्हणाला. "कोट इथंच राहू द्या. सीलसुद्धा राहू द्या. लोकांना आवडतंय."

निरीक्षकांनी आपली फाइल मॅडमच्या हातात दिली आणि स्वतःचा हात काचेवर ठेवून घड्याळाकडे पाहिलं. नव्वद सेकंद टिकले.

कॅप्टन रांगेच्या कडेला मागे हात बांधून उभे होते. "मी पहिल्यापासून सांगत होतो," ते म्हणाले, "काचेच्या कपाटात जीव नसतो." मग मॅडमना जरा बाजूला घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्याकडे मागच्या पेटीत वाळवंटातल्या तुकडीचा एक शर्ट आहे. तुमच्या ओळखीचा कुणी बेकरीवाला आहे का?"

मॅडमनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बत्तीस वर्षांचे विद्यार्थी त्या नजरेनं जागच्या जागी बसले असते. पण मनात गणित सुरू झालं होतं. पन्नास अंशांवर सुती धाग्याचं काय होतं ते त्या आठवत होत्या, आणि कोपऱ्यावरच्या भट्टीचं दार शर्टाच्या रुंदीला पुरेल का, तेही.