भोंगा झाला की बसतो

कोणत्याही कार्यात आरंभ हाच भाग सर्वांत नाजूक असल्यामुळे तो घाईगर्दीने उरकणे हे अडाणीपणाचे लक्षण होय. करकंब गावच्या श्रीमंत नावाच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व फार लवकर उमगले होते. पुण्याच्या कॉलेजात बी.ए.ला दोनदा गटांगळ्या खाऊन तो परीक्षेआधीच्या सुट्टीत सोलापूरला, गोजरबाई आत्याकडे, अभ्यासाला येऊन राहिला. "आवंदा नापास झालास तर गुळाच्या अडतीवर बसायचं. लई झालं शिकणं," असे वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, बजावले होते. श्रीमंतला व्हायचे होते वकील. गुळाच्या ढेपा डोळ्यांपुढे आल्या की बिचारा डोळे गच्च मिटून घेई.

आत्याच्या घरामागे कापडगिरणी होती आणि तिच्या भोंग्यावर अर्धे सोलापूर चूल पेटवी. विद्यार्थीवर्गाने त्याचा शास्त्रीय उपयोग केला. अभ्यासाला बसायचे ते भोंगा होताच! भलत्याच मिनिटाला पुस्तक उघडले तर विद्या अंगी लागत नाही (यास आधार विचारू नये, सगळेच असे मानीत). पहाटेचा भोंगा उठण्यासाठी असल्याने तो धरीत नसत. दुपारचा होई तेव्हा तोंडात भाकरीचा घास असे. संध्याकाळचा होई तेव्हा वर्गमित्र हुसेनसाब चहाला बोलवायला दारात उभा असे. तेवढ्यात भोंगा हुकला की मग पुढच्याची वाट पाहणे आले.

"श्रीमंता, पुस्तक उगडतोस का न्हाई?"

"भोंगा झाला की बसतो, आत्या."

इतक्या कडक शिस्तीने प्रकृती ढासळणारच. चहाने पित्त, पित्ताने डोकेदुखी, डोकेदुखीमुळे दुपारची झोप आणि तिच्यापायी रात्रीचे जागरण, असा सबंध अभ्यासक्रम पुरा झाला. डॉक्टरांनी जीभ पाहून 'अतिअभ्यास' असे निदान केले आणि पुस्तकाला हात लावण्याची मनाई केली. ही मनाई श्रीमंतने काटेकोर पाळली. (हुसेनसाबच्या पाहणीनुसार शहरातील दहा परीक्षार्थींपैकी नऊ जणांना हेच दुखणे होते. दहाव्याची पाहणी उद्या करायची होती.)

अशात गिरणीत संप झाला आणि भोंगा बंद पडला. आता आरंभ कशावर करायचा? श्रीमंतचे धाबे दणाणले. हुसेनसाबला घेऊन तो थेट संपकऱ्यांच्या पुढाऱ्याकडे, भिमाकडे गेला.

"भोंगा वाजेपर्यंत आम्हालाही कामाला हात लावता येत नाही हो," तो कळवळून म्हणाला.

भिमाच्या डोळ्यांत पाणी आले. "बगा रं गड्यांनो! कालेजातली पोरंबी आपल्या संगट संपावर हाईत की!"

श्रीमंतच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. त्याला टेबलावर उभे करून भर सभेत शपथ घ्यायला लावली की भोंगा वाजल्याशिवाय पुस्तक उघडणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता अब्यास केला तर लोक मारतील की आपल्याला," हुसेनसाब हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून श्रीमंतचे पित्त गेले, भूक वाढली. अभ्यास न करण्याचे काम आजवर तो चोरून करीत होता, आता त्याला लोकांचा पाठिंबा होता. चार सभांत त्याची भाषणे झाली. ती फार चांगली झाली, हे कबूल केले पाहिजे.

पुण्याची गाडी गाठायची त्याच सकाळी मागण्या मान्य झाल्या आणि भोंगा वाजला. श्रीमंत ताडकन उठला, हात धुऊन त्याने पुस्तक घेतले, तो पाने एकमेकांना जोडलेली! नव्या पुस्तकाची पाने कापून घ्यावी लागतात, हे तो विसरला होता. आत्याची विळी घेऊन तो बसला. गाडीच्या वेळेपर्यंत प्रस्तावना कापून झाली.

निकाल लागला आणि श्रीमंत अडतीवर बसला. पहिल्या दिवशी तो गुळाच्या ढेपांआड तोंड लपवून रडला. वकिलीचा नाद मात्र त्याने सोडलेला नाही. पाडव्यापासून तो पुन्हा अभ्यासाला लागणार आहे.

त्याला हसणाऱ्या वाचकाने एकवार घड्याळाकडे पाहावे. हे वाचायला घेताना जे काम बाजूला सारलेत, ते आता अशा आडनिड्या मिनिटाला सुरू करणे बरे नव्हे. पुढचा ठोका पडू द्या.